डालड्याच्या डब्यातलं रोप

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू मुलीकडे इंग्लंडला राहून आलीस ना, मग तिथलं काहीतरी सांग. पंधरा मिनिटं. फक्त लंडनचं घड्याळ आणि राजवाडा नको, ते सगळ्यांनी बघितलंय." म्हणून मी तिथे पाहिलेल्या एका फुलांच्या प्रदर्शनाबद्दल बोलणार आहे. पण त्या प्रदर्शनाची गोष्ट सुरू होते ती आपल्या साताऱ्यातच. शेहेचाळीस वर्षांपूर्वी बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून आधी ती बाकी फेडते.

आठवतंय का, आपण नववीत असताना, १९७८ च्या सप्टेंबरात, बाईंनी आपल्याला कासच्या पठारावर नेलं होतं? तेव्हा कासला फुलं बघायला कोणी जात नसे. लोकांना माहीत होता तो कासचा तलाव, कारण आमच्या पेठेत नळाला पाणी यायचं ते तिथलंच. एसटीतून उतरल्यावर बाईंनी दोनच सूचना दिल्या. "पायाखाली बघून चाला. आणि काही उपटायचं नाही."

पहिली मी पाळली, आणि त्यामुळेच दुसरी मोडली. पायाखाली बघत चालताना मला दवबिंदू दिसलं. बोटभर उंचीचं रोप, तांबूस केसांची बारीक पानं आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. एका पानावर चिलटाएवढा किडा अडकला होता. बाई सगळ्यांना समजावून सांगत होत्या की ही वनस्पती किडे खाते. तुम्ही सगळे पुढे गेलात. मी मागे राहिले, कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, मुळासकट रोप उकरलं आणि जेवणाच्या डब्यात ठेवून घरी आणलं.

घरी डालड्याचा रिकामा डबा होता. त्यात अंगणातली काळी माती भरली. शेजारच्या गोठ्यातून चांगलं मुरलेलं शेणखत आणून घातलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. पाणीही कासचंच, म्हणजे त्याला घरच्यासारखं वाटेल, असा माझा हिशेब. तिसऱ्या दिवशी थेंब आटले. पाचव्या दिवशी रोप काळं पडून आडवं झालं.

मला इतकं वाईट वाटलं की मी तो डबा शाळेत घेऊन आले आणि तासाला बाईंच्या टेबलावर ठेवला. वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "आता मेली ही." बाईंनी डबा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कशानं मेलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही बाई. मी रोज पाणी घालत होते. खतही घातलं होतं."

"मग शोध. उत्तर मिळालं की मला सांग." आणि त्या फळ्याकडे वळल्या. छडी नाही, रागावणं नाही. मी सुटले असं मला वाटलं. पण खरं सांगते, छडी मारली असती तर चार दिवसांत विसरले असते. तो प्रश्न मात्र काही सुटला नाही. पुढे बँकेत नोकरी लागली, संसार झाला, बाल्कनीत कुंड्या आल्या. कुठलंही रोप मान टाकायला लागलं की बाईंचा आवाज यायचा. कशानं मेलं?

आता इंग्लंडकडे वळते. माझी मुलगी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहते. मागच्या वसंत ऋतूत मी तिच्याकडे होते. तिच्या शेजारी एक आजोबा राहतात. निवृत्त बसचालक, ऐंशीच्या घरातले. परसात त्यांचं छोटं काचघर आहे. मला वाटलं, आत टोमॅटो असतील. डोकावले तर वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीत हिरवट-करडी, गोल, घट्ट अशी काहीतरी वस्तू. शेवाळानं मढवलेला गोटाच म्हणा. माझी उत्सुकता बघून आजोबा म्हणाले, "शनिवारी प्रदर्शन आहे, चला माझ्याबरोबर."

हे प्रदर्शन होतं अल्पाइन गार्डन सोसायटीचं. ही संस्था १९२९ साली स्थापन झाली. अल्पाइन म्हणजे उंच डोंगरावर, जिथे झाडं वाढायची थांबतात त्याच्याही वर, खडकांत आणि कपारींत वाढणाऱ्या वनस्पती. आल्प्स, हिमालय, कॉकेशस, इराणचे डोंगर, अँडीज अशा सगळीकडच्या. त्या वाढवायचं वेड असलेली माणसं या संस्थेत आहेत, आणि वसंत ऋतूत गावोगावी त्यांची प्रदर्शनं भरतात. स्कॉटलंडमध्येही अशी वेगळी संस्था आहे.

प्रदर्शन कुठे होतं सांगू? एका शाळेच्या हॉलमध्ये! जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, भिंतीला व्यायामाच्या शिड्या, कोपऱ्यात चहाचं टेबल आणि घरून केक करून आणलेल्या बायका. मला क्षणभर आपलंच स्नेहसंमेलन वाटलं. लांबच लांब टेबलांवर काळं कापड अंथरलं होतं आणि त्यावर कुंड्याच कुंड्या. सकाळी परीक्षक येतात, तेव्हा कुंडी मांडणाऱ्यांना बाहेर जावं लागतं. परीक्षण झालं की दारं उघडतात. मग हे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या आपापल्या कुंडीपुढे कार्ड लागलंय का ते बघायला अशा लगबगीनं जातात, जशी आपण निकालाच्या दिवशी जायचो.

फुलांचं प्रदर्शन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गुलाब आणि डेलिया. इथे सगळं वीतभर उंचीच्या आत. काही गटांत तर कुंडीचा व्यास एकोणीस सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पण त्या एवढ्याशा कुंडीत काय असावं! एक प्रिम्युला होती, मूळ फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या चुनखडीच्या कड्यांवरची. तिची पानं दिसतच नव्हती, नुसता गुलाबी फुलांचा घुमट. सॅक्सिफ्रेज नावाच्या वनस्पती होत्या. या लॅटिन नावाचा अर्थच दगड फोडणारी. सोल्डानेला होती, जी आल्प्समध्ये वितळणाऱ्या बर्फातूनच वर डोकं काढते. तिच्या जांभळ्या फुलांना झालरीसारख्या कडा असतात. निळी जेन्शियन होती. आपण शाईला निळी म्हणतो, पण तो निळा बघितल्यावर शाई फिकी वाटते. आणि काही चिठ्ठ्यांवर 'हिमालय' असं वाचलं, तेव्हा उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मी आजोबांना विचारलं, "या सगळ्या अशा गोल आणि बुटक्या का?" ते म्हणाले, "वर वारा कसा असतो ठाऊक आहे? उंच वाढेल ते मोडेल." मग त्यांनी समजावलं. पानं एकमेकांना घट्ट चिकटून उशी झाली की वारा वरून निघून जातो, पाणी कमी उडतं आणि उन्हात उशीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा बरीच ऊब राहते. वर दिसतं मूठभर, पण मुळं दगडाच्या फटीत खोल गेलेली असतात. वाढ अतिशय सावकाश. सायलीन नावाच्या एका डोंगरी वनस्पतीच्या उश्या शंभराहून जास्त वर्षं जगतात. म्हणजे डोंगरावर चालताना आपण जी सहज तुडवू, ती आपल्या पणजीच्या वयाची असू शकते.

आजोबांची स्वतःची कुंडी मात्र टेबलावर नव्हती. त्यांनी बारा वर्षं वाढवलेली डायोनिशिया होती. इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या कड्यांवर, जिथे पावसाचा थेंब थेट अंगावर पडत नाही अशा कपारींत ही वाढते. फुलली की पानं दिसू नयेत इतकी पिवळी होते. प्रदर्शनाच्या आधी दहा दिवस तिच्या एका बाजूला तपकिरी डाग पडला आणि आठवड्यात अर्धी उशी गेली. मी विचारलं, "थंडीनं का?"

ते हसले. "थंडीनं ही मरत नाहीत. पाण्यानं मरतात."

हे मला नवीन होतं. डोंगरावर हिवाळाभर या वनस्पती बर्फाच्या जाड पांघरुणाखाली झोपलेल्या असतात. तिथे थंडी असते, पण कोरडी, आणि पारा फारसा वरखाली होत नाही. बर्फ वितळला की एकदम भरपूर पाणी, भरपूर ऊन, आणि मग वाढायची, फुलायची, बी धरायची घाई. इंग्लंडचा हिवाळा त्या मानानं सौम्य, पण सततचा ओला. तो ओलावा त्या उशीत साचतो आणि ती कुजते. म्हणून काचघर असतं ते ऊब देण्यासाठी नव्हे, पाऊस अडवायला. दारं-खिडक्या थंडीतही उघड्या, वारा खेळता. डायोनिशियाला तर वरून पाणी घालतच नाहीत. कुंडी वाळूत पुरलेली असते, पाणी वाळूला द्यायचं, कुंडीच्या मातीच्या भिंतीतून जेवढं झिरपेल तेवढं तिनं घ्यायचं. फुलं सुकली की एकेक फूल चिमट्यानं वेचून काढायचं, नाहीतर तेही कुजतं. आणि माती? निम्मी तर बारीक खडीच. थोडी साधी माती, थोडा कुजलेला पाला.

"शेणखत?" मी विचारलं.

आजोबांनी असं तोंड केलं की जणू मी विष म्हटलं. "एक महिनाभर सुंदर दिसेल," ते म्हणाले. "फोफावेल, सैल होईल आणि मग मरेल. हिला उपाशी ठेवावं लागतं. तीच हिची तब्येत."

मंडळी, त्या शाळेच्या हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या रेषेवर उभी असताना मला माझा डालड्याचा डबा दिसला.

कासचं पठार म्हणजे जांभ्याचा खडक. त्यावर माती काही इंचच, आणि तीही निकस. पावसाळ्यात त्यावरून सतत पाणी वाहतं, जे काही पोषण असेल ते धुऊन जातं. म्हणून तर दवबिंदू किडे पकडायला शिकलं. जमिनीत नाही ते हवेतून मिळवायचं. त्या पाण्यात राहणारं 'सीतेची आसवं' हेही त्याच वाटेचं. आपण त्या निळ्या फुलांचं कौतुक करतो, पण त्याच्या मुळाशी किडे धरणाऱ्या बारीक पिशव्या असतात. अशा उपासाच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेल्या रोपाला मी काळी माती आणि शेणखत घातलं. त्याची मुळं ते सोसणारीच नव्हती. बाई, पाण्यानं मेलं नाही, पाणी तर कासचंच होतं. माझ्या खतानं मेलं. माझ्या मायेनं मेलं म्हणा.

हे उत्तराचं अर्धं झालं. उरलेलं अर्धं मला त्याच दिवशी, चहा पिताना मिळालं.

प्रदर्शनात सगळ्यांत उत्तम ठरलेल्या रोपाला फॅरर पदक देतात. हे रेजिनाल्ड फॅरर यॉर्कशायरचे, जन्म १८८०. शिळा-उद्यान, म्हणजे दगडांच्या फटींत डोंगरी वनस्पती लावायची बाग, हे वेड इंग्लंडमध्ये ज्यांच्या लिखाणानं घराघरात पोचलं त्यांतलं हे मोठं नाव. त्यांचा या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ १९१९ साली निघाला. सिलोनमध्ये असताना त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. नव्या वनस्पतींच्या शोधात चीनला गेले, मग ब्रह्मदेशाच्या वरच्या डोंगरांत, आणि तिथेच १९२० साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्याबद्दल गावात अजून सांगतात की बंदुकीत बिया भरून त्यांनी समोरच्या कड्यावर झाडल्या, म्हणजे हात पोचत नाही अशा कपारीत फुलं यावीत!

मी आजोबांना म्हटलं, "काय प्रेम होतं हो या लोकांचं!" ते म्हणाले, "हो. पण त्या प्रेमाचा हिशेबही आहे." त्या काळात आल्प्समधून रोपं उकरून आणून विकली जायची. आणि खुद्द इंग्लंडमध्ये काय झालं, तर यॉर्कशायरच्या चुनखडीच्या डोंगरात पिवळ्या चपलेच्या आकाराचं एक ऑर्किड व्हायचं, लेडीज स्लिपर. सुंदर म्हणून ज्यानं त्यानं उपटलं. बाजारात विकलं, बागेत लावलं, कागदात दाबून ठेवलं. शेवटी देशभरात रानातलं एकच, अक्षरशः एकच झुडूप उरलं. ते कुठे आहे हे वर्षानुवर्षं गुप्त ठेवलं आणि फुलाच्या दिवसांत माणसं त्याच्यावर पहारा करत बसायची. पुढे क्यूच्या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बियांपासून त्याची रोपं तयार केली, तेव्हा कुठे ते पुन्हा रानात लावता आलं.

ज्यानं ज्यानं ते उपटलं, त्यानं एकच उपटलं असेल. "एकानं काय होतंय" असंच म्हटलं असेल. मीही तेच म्हटलं होतं.

तिथल्या लोकांनी यातून काय केलं ते मला महत्त्वाचं वाटलं. आता डोंगरावरून रोप आणणं त्यांच्यात कमीपणाचं समजतात. मान आहे तो बियांचा. स्वतः बी पेरून वाढवलेल्या रोपांचे प्रदर्शनात वेगळे गट असतात. सभासद आपापल्या बागेतलं बी गोळा करून संस्थेकडे पाठवतात आणि दरवर्षी हजारो प्रकारचं बी सभासदांत वाटलं जातं. कित्येक बिया थंडी लागल्याशिवाय रुजतच नाहीत, म्हणून ऐन हिवाळ्यात पेरून कुंड्या उघड्यावर ठेवायच्या आणि वाट बघायची. कधी एक वर्ष, कधी त्याहून जास्त. आजोबांनी त्या दिवशी चहाच्या टेबलाशेजारच्या विक्रीच्या जागेतून डायोनिशियाचं एक नवं रोप घेतलं. बोराएवढं. मी मनात हिशेब केला. ऐंशी अधिक बारा. त्यांनाही तो कळला असावा. ते म्हणाले, "मी नाही तर दुसरं कोणी मांडेल." आणि कुंडी कोटाच्या खिशात घालून चालायला लागले.

तर बाई, उत्तराचं दुसरं अर्ध. दवबिंदू वर्षभराचंच रोप. ते पावसाळ्यात उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि पठार वाळलं की आपोआप जातं. म्हणजे मी उपटलं नसतं तरी ते दिवाळीनंतर गेलंच असतं. मला हे कळलं तेव्हा आधी बरं वाटलं. वाटलं, चला, आपल्यावरचा गुन्हा हलका झाला. मग लक्षात आलं की आपण सप्टेंबरात गेलो होतो. त्याचं बी अजून पडायचं होतं. मी एक रोप मारलं नाही, पुढच्या वर्षीची सगळी रोपं डब्यात घालून नेली. कशानं मेलं? शेणखतानं मेलं, हे खरं. पण त्याची जागा काय आहे हे न बघता मी ते उचललं, तेव्हाच ते मेलं होतं.

आता कास सगळ्या जगाला माहीत झालंय. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कासही आहे. हंगामात तिथे नोंदणी करावी लागते, शुल्क द्यावं लागतं, किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. आपल्यातल्या काही जणांची तक्रार मी ऐकली, "आपल्याच पठारावर जायला आपल्याला तिकीट?" आधी मीही तेच म्हणायचे. आता म्हणत नाही. आपण चाळीस पोरं गेलो होतो, चांगल्या शाळेतली, बाईंनी बजावलेली. त्यातली एक कर्कटक घेऊन मागे राहिली होती. मग हजारोंत किती असतील?

बाई, आणखी एक सांगते आणि थांबते. तुम्हाला उत्तर तेव्हाच माहीत होतं. "शेणखत घातलंस म्हणून मेलं," असं एका वाक्यात सांगून तुम्ही मोकळ्या झाला असतात. मी वहीत लिहून घेतलं असतं, परीक्षेत लिहिलं असतं आणि विसरले असते. तुम्ही सांगितलं नाहीत. आम्हाला वाटायचं बाई कडक आहेत, काही देत नाहीत. वाळूला पाणी घालून कुंडीची वाट बघणारे ते आजोबा बघितले तेव्हा मला तुम्ही काय केलं होतंत ते कळलं.

उद्या सकाळी आपण सगळे बस करून कासला जाणार आहोत. डिसेंबर आहे. फूल दिसणार नाही, हे आधीच सांगते, नंतर संयोजकांना दोष देऊ नका. वाळलेलं गवत आणि काळा खडक दिसेल. पण पुढच्या पावसाचं सगळं बी आत्ता तिथेच, त्या वीतभर मातीत पडलेलं आहे. तेव्हा बाईंची सूचना मी पुन्हा एकदा सांगते, यावेळी दोन्ही पाळण्यासाठी. पायाखाली बघून चाला. आणि काही उपटायचं नाही.

बाई, उत्तर बरोबर आहे का, ते उद्या पठारावर सांगा.